पुडी, पंप आणि कोवळं ऊन

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय. मध्ये दोन-तीनदा बसले होते लिहायला, पण जे लिहायचं होतं ते सोडून भलतंच काहीतरी उतरायचं. मग खोडून टाकायचे. आज ठरवलंय, तेच लिहायचं.

विषय ड जीवनसत्त्वाचा आहे. हसू नका :-) शाळेच्या पुस्तकात ते 'ड जीवनसत्त्व' होतं, डॉक्टरांकडे 'व्हिटॅमिन डी' आणि आमच्या घरात आता नुसतंच 'डी'. "त्याचं डी किती आलं?" "अकरा." अशी वाक्यं जेवताना सहज ऐकू येतात.

'त्याचं' म्हणजे माझ्या भाच्याचं. आठ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षापासून त्याला बाळदमा. थंडी सुरू झाली की रात्रीचा खोकला, मग छातीत घरघर, मग सगळ्या घराचं जागरण. डॉक्टरांनी रोजचा पंप लिहून दिला होता, तोही तो स्पेसर लावून शहाण्यासारखा घ्यायचा. दीडेक वर्षापूर्वी कुठल्याशा तपासणीत डी कमी निघालं. आठवड्याला एक अशा साठ हजार युनिटच्या आठ पुड्या दुधातून द्यायला सांगितल्या. "पंप चालूच ठेवा" हेही सांगितलं.

आता माझा भाग. घरातली 'वाचणारी' मी. २०१७ साली मी एक बातमी वाचली होती, की ड जीवनसत्त्व घेतल्याने दम्याचे झटके कमी होतात. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाची बातमी होती, ऐकीव गप्पा नव्हत्या. मी ती जपून ठेवली होती. भाच्याचा रिपोर्ट आल्यावर शोधून काढली आणि दादाला पाठवली. वर लिहिलं, "बघ, मी म्हणत नव्हते!" (काय म्हणत नव्हते, देव जाणे.)

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. घरात सगळ्यांनाच पंपाची धास्ती होती. "सवय लागते", "स्टेरॉइड आहे त्यात", "एवढ्याशा पोराला रोज?" असं आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं चालायचं. त्यात माझी बातमी. डी भरून आलं की पंप सुटेल, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण सगळ्यांनी धरलं तसंच. पंप दोन वेळेचा एक वेळ झाला, मग 'लागेल तेव्हा' झाला. पुड्या मात्र आठ संपल्यावरही चालू राहिल्या. गेल्या हिवाळ्यात एका रात्री अडीच वाजता फोन वाजला. मी पोचले तेव्हा त्याला ऑक्सिजन लावलेला होता. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते कधीच न दिसो.

तिसऱ्या दिवशी घरी आला. आता ठणठणीत आहे, कालच माझ्याशी पतंगावरून भांडला. पण तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर चहा पिताना दादाने मला विचारलं, "ते डीचं तूच पाठवलं होतंस ना? कुठे आलं होतं?" रागाने नाही, अगदी सहज. मला उत्तर देता आलं नाही, कारण बातमीपलीकडे मी काहीच वाचलेलं नव्हतं.

तेव्हापासून वाचतेय. हा लेख म्हणजे दादाच्या त्या प्रश्नाचं उत्तर. थोडं लांबणार आहे. कारण ही गोष्ट फुप्फुसांपाशी नाही, हाडांपाशी सुरू होते, आणि तीही पार सतराव्या शतकात.

*

मुडदूस हा शब्द आपल्याकडे आज्या-पणज्यांना चांगला माहीत होता. वाकलेले पाय, फुगलेली मनगटं, पुढे आलेलं कपाळ, उशिरा चालणारं मूल. युरोपात या रोगावर डॅनियल व्हिस्लर नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याने १६४५ साली हॉलंडमधल्या लायडनला प्रबंध लिहिला. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसनने त्यावर मोठा ग्रंथच काढला. रोग डोळ्यांसमोर होता, वर्णनं चोख होती, कारण मात्र पुढची पावणेतीनशे वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत, अरुंद गल्ल्यांत, हा रोग माजत गेला.

इलाज मात्र कोळ्यांना ठाऊक होता. उत्तरेकडच्या समुद्रकाठची माणसं कॉड माशाच्या यकृताचं तेल पोरांना पाजत. घाण वास, त्याहून घाण चव, पण पोरं सुधारत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधला ट्रूसोसारखा मोठा डॉक्टरही हे तेल आणि ऊन, दोन्ही सांगायचा. म्हणजे औषधं दोन होती: एक माशाच्या पोटातलं, एक आभाळातलं. दोन्ही एकाच रोगावर कशी चालतात, हे कोडंच होतं.

उन्हाची बाजू सगळ्यात नीट मांडली थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टराने. जपानमध्ये वर्षानुवर्षं काम करून तो इंग्लंडला परतला आणि मुडदुसाची पोरं बघून चकित झाला. जपानमध्ये तर असं दिसलं नव्हतं! मग त्याने जगभरच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं पाठवून माहिती मागवली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. १८९० साली त्याने लिहिलं, की जिथे गरिबी आहे, अन्न निकृष्ट आहे, पण ऊन आहे, तिथे हा रोग नाही. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आणि मग या गोष्टीत चक्क आपलं नाशिक येतं! १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या नाशिक भागातल्या पाहणीवरून मुडदुसाबद्दल लिहिलं. त्यांना काय दिसलं? खाऊनपिऊन सुखी घरांत, जिथे बायका पडद्यात आणि तान्ही मुलं आतल्या अंधाऱ्या खोलीत असायची, तिथे मुडदूस होता. मजुरी करणाऱ्या बायका पोरांना पाठीवर, कडेवर घेऊन उन्हातान्हात राबायच्या, खाण्याची आबाळ असायची, पण त्यांच्या पोरांची हाडं सरळ होती. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्या वाड्यांतल्या त्या बाळंतिणीच्या काळोख्या खोल्या आठवा. शेगडी, धुरी, कोंदट हवा, बंद खिडकी. जपणूक म्हणून केलेलं सगळं.

*

शास्त्राने हे कोडं सोडवलं ते पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि अगदी भराभर.

लंडनला एडवर्ड मेलन्बीने कुत्र्यांच्या पिल्लांना ओट आणि तसलंच साधं अन्न घालून मुडदूस आणून दाखवला आणि कॉडच्या तेलाने तो टाळूनही दाखवला. हे १९१९ साली छापून आलं. त्याची पिल्लं घरातच कोंडलेली होती हे त्याच्या पथ्यावर पडलं, बाहेर उन्हात खेळली असती तर प्रयोग बहुतेक फसला असता! त्याच १९१९ मध्ये बर्लिनला हुल्डशिन्स्कीने मुडदुसाच्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवलं. गंमत म्हणजे दिवा एका हातावर धरला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारत होतं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. न्यूयॉर्कमध्ये हेस आणि उंगर यांनी १९२१ साली मुलांना नुसतं उन्हात बसवून तेच साधलं.

मेलन्बीला वाटलं होतं की तेलातला गुण 'अ' जीवनसत्त्वाचा. अमेरिकेत मॅकॉलमने तेल तापवून, त्यातून प्राणवायू सोडून 'अ' नष्ट केलं. डोळ्यांच्या रोगावर ते तेल निकामी झालं, पण मुडदूस बरा करतच राहिलं! म्हणजे आत आणखी एक कुणीतरी होतं. अ, ब, क झालेली होती, म्हणून हे ड. साल १९२२. पुढे १९२८ मध्ये विंडाउसला नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

या सगळ्यात मला आवडलेली जागा व्हिएन्नाची आहे. युद्धात होरपळलेल्या त्या शहरात १९१९ पासून हॅरिएट चिक ही इंग्रज शास्त्रज्ञ आणि तिच्या सहकारी बायका तिथल्या मुलांच्या रुग्णालयात मुडदुसावर काम करत होत्या. काही मुलांना तेल, काहींना ऊन वा दिवा, काहींना नुसतं नेहमीचं अन्न, अशी शिस्तीत तुलना. रुग्णालयाचा प्रमुख होता क्लेमेन्स फॉन पिर्के. त्याला वाटायचं, हा रोग जंतूंचा आहे, अन्नाचा नव्हेच. तरी त्याने या बायकांना काम करू दिलं, आणि निकाल त्याच्या मताविरुद्ध गेले ते त्याने मान्य केले.

हे नाव लक्षात ठेवा. कारण 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली याच पिर्केने बनवला! म्हणजे ड जीवनसत्त्व आणि अ‍ॅलर्जी एकाच छपराखाली शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. पण तेव्हा त्यांची एकमेकांशी सोयरीक लावावी, असं कुणाला सुचलं नव्हतं.

*

यश मिळालं की माणूस जरा वाहवतो. विस्कॉन्सिनच्या स्टीनबॉकने अन्नावरच अतिनील किरण सोडून त्यात 'डी' आणायची युक्ती काढली, अमेरिकेत १९३० च्या दशकात दुधात डी मिसळायला लागले आणि मुडदूस जवळपास दिसेनासा झाला. इंग्लंडमध्ये युद्धकाळात बाळांच्या दुधात, पिठात, तेलात, सगळीकडेच डी घालत गेले. एक मूल तिन्ही ठिकाणांहून घ्यायला लागलं. १९५० च्या दशकात काही तान्ह्या मुलांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक वाढलेलं आढळलं. बाळं खाईनात, ओकायला लागली, वजन घटायला लागलं. १९५७ साली सरकारने मात्रा खाली आणली.

हा भाग मी मुद्दाम सांगतेय. ब किंवा क जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. डी चरबीत साठतं. बाळांना रोज द्यायची मात्रा ४०० युनिट, म्हणजे साधारण चमचाभर कॉडच्या तेलात असायची तेवढी. आपली पुडी ६०,००० ची. ती आठवड्याला एक, मोजून सांगितलेले आठवडे, ह्या हिशोबाने केलेली आहे. 'औषधच आहे, झाली तर ताकदच होईल' म्हणून चालू ठेवण्याची गोष्ट नाही ती. आमच्याकडे आठाच्या जागी किती गेल्या ते वहिनीने आणि मी नंतर रिकामी पाकिटं मोजून काढलं. आकडा इथे लिहीत नाही. कॅल्शियम तपासलं, नशिबाने ठीक निघालं.

*

आता हाडांवरून छातीकडे.

डी आणि छातीचा संबंध तसा जुना. क्षयावर एकोणिसाव्या शतकात कॉडचं तेल पाजत. क्षयरोग्यांना उन्हात, मोकळ्या हवेत झोपवत. डेन्मार्कच्या फिन्सेनने त्वचेचा क्षय प्रकाशाने बरा केला, त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. प्रतिजैविकं आली आणि हे सगळं मागे पडलं. पण २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की आपल्या पांढऱ्या पेशी जंतू ओळखल्यावर डीच्या मदतीने स्वतःचं एक जंतुनाशक तयार करतात. म्हणजे डी हे केवळ हाडांचं नव्हे, शरीराच्या पहारेकऱ्यांचंही काम करतं. मुलांचा दमा बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंनी उसळतो. दोन अधिक दोन चार! सर्दी कमी, तर झटके कमी. पटण्यासारखंच होतं की नाही?

पण थांबा. त्याच्या सात वर्षं आधी, १९९९ मध्ये, जर्मनीच्या माथियास व्येस्टने बरोब्बर उलटं मांडलं होतं. तो म्हणाला, दमा आणि अ‍ॅलर्जी विसाव्या शतकात वाढली, बाळांना डी पाजायची पद्धतही त्याच शतकातली. मग डीनेच तर हे होत नसेल? २००४ साली फिनलंडची एक पाहणी आली. तिथे १९६६ साली जन्मलेल्या ज्या बाळांना नियमित डी पाजलं होतं, त्यांच्यात एकतिसाव्या वर्षी अ‍ॅलर्जीचे त्रास जास्त निघाले.

आणि २००७ मध्ये बॉस्टनच्या लिटोन्हुआ आणि वाइस यांनी विचारलं, दम्याची साथ डीच्या *कमतरतेमुळे* तर नाही? माणसं घरात कोंडून घ्यायला लागली, ऊन मिळेना, म्हणून दमा. २००९ साली कोस्टा रिकामधल्या सहाशेवर दमेकरी मुलांची पाहणी आली: ज्यांचं डी कमी, त्यांचा दमा जास्त तीव्र.

एकच शतक, एकच रोग, एकच जीवनसत्त्व, आणि एक म्हणतो जास्तीने झालं, दुसरा म्हणतो कमीने. दोघंही हुशार, दोघांकडेही आकडे. हे वाचताना मला पहिल्यांदा नीट कळलं, की 'दोन गोष्टी बरोबर दिसतात' आणि 'एकीमुळे दुसरी होते' यांत केवढी दरी आहे.

आमच्याच घरातलं बघा ना. भाच्याचं डी कमी का? कारण दम्यामुळे आम्ही त्याला बाहेर सोडत नाही. धूळ नको, दमणं नको, थंडी नको. शाळा, गाडी, घर. खिडकीत बसून ऊन घेतो म्हणावं तर काचेतून ते किरण येतच नाहीत. म्हणजे कमी डीमुळे दमा, की दम्यामुळे कमी डी? दिल्लीत २००२ मध्ये छापलेली एक पाहणी आहे. प्रदूषित मोरी गेट भागातल्या लहान मुलांचं डी सरासरी १२ च्या आसपास, त्या मानाने स्वच्छ गुडगावातल्या मुलांचं २७. धुरकट हवा ते किरण अडवते. तीच हवा छातीही बिघडवते. तिथे दमा आणि कमी डी ही एकमेकांची आई-मुलं नव्हेत, एकाच धुराची भावंडं असू शकतात.

हे सोडवायचा मार्ग एकच, व्हिएन्नातल्या चिकबाईंचा. काही मुलांना खरं औषध द्या, काहींना तसंच दिसणारं खोटं, कुणाला कुठलं ते कुणालाच कळू देऊ नका, आणि वाट बघा.

*

तशा चाचण्या झाल्या. सुरुवातीच्या छोट्या होत्या आणि आशा लावणाऱ्या होत्या.

जपानमध्ये २०१० साली शाळकरी मुलांना रोज १२०० युनिट देऊन फ्लू कमी होतो का ते पाहिलं. त्यात ज्यांना आधीपासून दमा होता त्या मुलांत झटके आले डीच्या गटात २ जणांना, खोट्या गोळीच्या गटात १२ जणांना. केवढा फरक! पण ती चाचणी फ्लूची होती, दम्याचे आकडे बाजूबाजूने निघालेले. २०११ मध्ये पोलंडची एक आली, अठ्ठेचाळीस मुलांची. २०१४ मध्ये आपल्याकडे हरयाणातल्या रोहतकची, शंभर मुलांची, महिन्याला ६०,००० ची मात्रा. दोन्ही आशादायक.

२०१६ साली कॉक्रेन या संस्थेने, जी जगभरच्या चाचण्या गोळा करून एकत्र तोलते, डी आणि दम्याचा पहिला आढावा काढला. निष्कर्ष: तीव्र झटके कमी होतात असं दिसतंय. मात्र मुलं त्यात जेमतेम ४३५ होती, मोठी माणसं ६५८. २०१७ मध्ये लंडनच्या एड्रियन मार्टिनो यांच्या गटाने एकेका रुग्णाची माहिती एकत्र करून पुन्हा तेच सांगितलं आणि फायदा मुख्यतः ज्यांचं डी फार कमी त्यांना होतो असं म्हटलं. *हीच ती माझी बातमी.* खोटी नव्हती. त्या दिवशी माहीत होतं तेवढं खरं होतं.

गर्भवतींनाही डी देऊन पाहिलं. अमेरिकेत साधारण ८८० जणींत निम्म्यांना रोज ४४०० युनिट, निम्म्यांना ४००. तीन वर्षांनी दमा किंवा वारंवार घरघर असलेली मुलं २४ टक्के आणि ३० टक्के. अगदी थोडक्यात हुकलं, खात्रीने सांगण्याइतका फरक म्हणता येईना. २०२० मध्ये त्याच मुलांचा सहाव्या वर्षाचा निकाल आला, तेव्हा फरक उरलाच नव्हता. या चाचणीतलं पहिलं नाव कुणाचं? ज्यांनी २००७ मध्ये 'कमतरतेमुळे दमा' हा प्रश्न विचारला होता, त्याच लिटोन्हुआंचं. आपला लाडका तर्क आपणच तपासायला घेतला आणि फळला नाही ते छापूनही टाकलं.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, तीही २०२० चीच. अमेरिकेत सहा ते सोळा वर्षांची, दमा असलेली आणि डी कमी असलेली १९२ मुलं. थोडक्यात आमच्या भाच्यासारखी. सगळी रोजचा स्टेरॉइडचा पंप घेणारी. निम्म्यांना रोज ४००० युनिट डी, निम्म्यांना खोटी गोळी, ४८ आठवडे. रक्तातलं डी छान वाढलं. पण तीव्र झटका आलेली मुलं डीच्या गटात ३६, खोट्या गोळीच्या गटात ३३. खरं तर ४०० मुलं घ्यायची होती, पण पुढे काही निघणार नाही असं दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवली.

मग २०२३. कॉक्रेनचा आढावा पुन्हा निघाला. आता वीस चाचण्या होत्या, मुलं ११५५, मोठी माणसं १०७०. निष्कर्ष बदलला होता: ड जीवनसत्त्वाने दम्याचे झटके कमी होत नाहीत, दमा आटोक्यात येण्यातही फरक पडत नाही. ज्यांचं डी अतिशय कमी आहे किंवा ज्यांचा दमा फार तीव्र आहे, अशी माणसं या चाचण्यांत थोडीच होती, त्यांच्याबद्दल अजून बघायला हवं, एवढी पुस्ती जोडली होती. लेखकांत नाव पुन्हा मार्टिनो यांचंच. सात वर्षांपूर्वी 'हो' म्हणणाऱ्याने 'नाही' म्हणायला स्वतःच सही केली.

मी ही दुसरी बातमी दादाला पाठवली नव्हती. लपवली नाही, पाहिलीच नव्हती. पहिली माझ्यापर्यंत आपोआप आली होती, दुसरी आली नाही. 'अमक्याने दमा बरा होतो' ही बातमी होते. 'अमक्याने होत नाही' ही कोण कुणाला पाठवतं?

*

कुणी म्हणेल, एवढी शास्त्रं वाचून शेवटी पदरात काय पडलं? तर डॉक्टर पहिल्या दिवशी जे म्हणाले होते तेच :-) डी कमी आहे ना, मग ते भरून काढा, हाडांसाठी ते हवंच. सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस. आणि पंप चालू ठेवा. दोन वेगळ्या कामांची दोन औषधं. मी त्यांची गाठ मारून ठेवली.

लहान असताना मृग लागला की आमच्या चाळीतले एक काका दम्यासाठी हैदराबादला जायचे. तिथे मृगाच्या सुमारास जिवंत छोट्या माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायला देतात, हजारोंनी लोक येतात. मी मोठी झाल्यावर त्यांना खूप हसले होते. आता हसत नाही. श्वास अडकलेलं माणूस, आणि त्याहून त्याची आई, कशावरही हात ठेवते. कुणी माशावर ठेवला, मी छापील बातमीवर. मासा निदान वर्षातून एकदाच होता आणि त्यापायी काकांनी रोजचं औषध सोडल्याचं मला आठवत नाही.

आई अजूनही म्हणते, "आमच्या वेळी पोरांना तेल लावून कोवळ्या उन्हात टाकायचो, कसला डी आणि कसलं काय." आईला मी सांगितलं, की कोवळ्या उन्हात ते किरण फारच थोडे असतात, सूर्य वर यावा लागतो, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड व्हावी लागते. ती म्हणाली, "मग पोर काळवंडेल ना!" या प्रश्नावर अजून कुठलीही चाचणी झालेली नाही.

भाचा आता सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास खाली खेळायला जातो. त्याने दमा जाईल म्हणून नव्हे. आठ वर्षांच्या मुलाने खाली खेळायला जायचं असतं म्हणून. जाण्याआधी पंप घेतो, चूळ भरतो आणि मला विचारतो, "आत्या, मोजलेस ना दहा?" श्वास रोखून धरायचे दहा सेकंद मी मोजायचे, हे आमचं ठरलेलं आहे.

दादा, तू हे वाचशीलच. त्या दिवशी पायरीवर तू विचारलंस ते कुठे आलं होतं. वर लिहिलंय. आणि ते नंतर बदललं, तेही लिहिलंय. हे तुला मी २०२३ मध्येच सांगायला हवं होतं.

असो. फार लांबलं. ज्यांनी माझ्याकडून ती जुनी बातमी घेऊन पुढे कुणाला पाठवली असेल (मावशी, तुम्हीसुद्धा!), त्यांनी कृपा करून हेही पाठवा.